राखणदाराची बाटली

एकोणीसशे एकतीसच्या शिमग्यात आमच्या वाडीने देवळासमोर दारू सोडल्याची शपथ घेतली. सगळ्यांच्या मागे लागून ती घ्यायला लावली होती गोदूने. वाडीची दारू तीच गाळायची, आणि तिचा नवरा धाकू तीच दारू पिऊन तिला मारायचा. शपथ झाली तसं तिने भट्टीचं मडकं आणून देवळाच्या पायरीवर आपटून फोडलं.

पंधरा दिवसांनी भिवा गुरव चार मानकऱ्यांना घेऊन तिच्या अंगणात आला.

"राखण द्यायचा दिवस जवळ आला, गोदू. वेशीवरच्या राखणदार देवाला कोंबडा आणि घरची दारू दाखवायला लागते."

"सगळ्यांनी शपथ घेतलीय, भिवादादा."

"माणसांनी घेतलीय. राखणदारानं नाय घेतली. त्याच्यापुरती एक बाटली काढ."

"एका बाटलीपुरती भट्टी लागत नाय. एकदा मडकं चढवलं की आठ तरी निघतात. बाकीच्या सात बाटल्यांचं काय करू?"

ओतून टाक, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. मानकरी खाली सारवलेल्या अंगणाकडे बघत राहिले. पडवीत बसून सगळं ऐकणारा धाकू उठला, पायात वहाणा घातल्या आणि हातखंब्याच्या बाजाराच्या वाटेला लागला.

दिवेलागणीला तो नवं मडकं घेऊन परतला. जुन्यापेक्षा चांगलं मोठं होतं.