शेवटचा रकाना

शाळेच्या संकेतस्थळावर समूहगानाची यादी टाकायची होती. गाण्याच्या बाईंनी नाव, वर्ग, रांग असा तक्ता केला. शेवटच्या रकान्यात त्यांनी प्रत्येक मुलाबद्दल स्वतःपुरता शेरा लिहून ठेवला होता. तो रकाना काढायला गेल्या, तर सगळा तक्ताच वेडावाकडा झाला. वैतागून त्यांनी शेऱ्यांची अक्षरं पांढरी केली. पांढऱ्या पानावर काहीच दिसेना, तेव्हा पान प्रसिद्ध करून त्या निर्धास्त घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तालीम भलतीच सुरेल झाली. मग बाईंचं लक्ष मधल्या रांगेतल्या 'भोंग्या'कडे गेलं. सगळ्यांत मोठ्यानं गाते म्हणून मुलांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आज ती नुसते ओठ हलवत होती.

"काय गं, घसा बसलाय का?"

"नाही बाई. तुम्हीच लिहिलंय ना, 'सूर नाही, नुसते ओठ हलवावेत.'"

बाईंना तिच्याकडे बघवेना. "कुठे वाचलंस?"



"बाबांच्या फोनवर पान काळं दिसतं, बाई. पांढरी अक्षरं छान वाचता येतात."