पहिली मुलाखत

पुण्यात अर्थशास्त्र शिकवणारी जयमाला तिसगावला घरी आली, तेव्हा वडील टीव्हीसमोर बसले होते. तिचं संशोधन छापून आलेला परदेशी नियतकालिकाचा अंक त्यांना दाखवायचा म्हणून तिने बॅगेतून निम्मा बाहेर काढला, तेवढ्यात पडद्यावरचे नामांकित अर्थतज्ज्ञ म्हणाले, “मी नेहमी सांगतो, बाजारात उशिरा आलेल्या कांद्याला भाव कमी मिळतो, कारण माल परत नेणं परवडत नाही.” वाक्य तिचंच होतं. त्यासाठी दोन वर्षं ती कांद्याच्या गोण्यांवर बसून शेतकऱ्यांशी बोलली होती. पहिली मुलाखत वडिलांचीच होती. “अण्णा, हे तर...” अण्णांनी हात वर करून तिला गप्प केलं. “दिल्लीत बसून कसं बरोबर वळखलं बघ! लई हुशार मानूस.” मग मायेनं म्हणाले, “तू बी आसं कायतरी शोध की, पोरी.” तिने अंक आत सरकवला. “शोधते, अण्णा.”