बाहीतला बटाटा

“बाही झटक,” मावशी म्हणाली.

खिडकीजवळच्या पोरीनं ऐकू न आल्याचं सोंग केलं. मावशीनं डाव टेबलावर आपटला. पोरीनं बाही झटकली तसा अर्धा उकडलेला बटाटा घरंगळत बाहेर आला. बाकीच्या तिघी खाली मान घालून हसल्या.

“हसू नका. तुमचंही ठाऊक आहे मला. एक वजनाआधी तांब्याभर पाणी ढोसते, दुसरी भात ताटाला थापून ठेवते. चांगल्या घरच्या पोरी, आणि धंदे हे.”

न जेवण्याचा आजार जडलेल्या बायका त्या उपचारगृहात राहून बऱ्या होत. दुपारी बाराला जेवण, प्रत्येकीच्या ताटाला तिच्या खाटेच्या नंबरची चिठ्ठी, आणि ताटं रिकामी होईपर्यंत कुणी उठायचं नाही. महिन्यापूर्वी मावशी आली आणि पहिल्याच दिवशी तिनं आचाऱ्याच्या हातून डाव काढून घेतला. याला वाढता येत नाही, म्हणाली. तेव्हापासून डाव तिच्या हातात आणि ॲप्रन तिच्या अंगावर.

आज वाढण्याआधी नर्सनं तिला स्वयंपाकघरात गाठलं होतं.

“मावशी, डॉक्टरांनी शेवटचं सांगितलंय. आजचं ताट संपलं नाही तर उद्या मोठं इस्पितळ आणि नाकातून नळी. गाडीसुद्धा सांगून ठेवलीय.”

“नळी कशाला? मी आहे ना,” म्हणत मावशीनं पातेलं उचललं होतं.

म्हणून आज ती पोरीच्या खुर्चीमागून हलत नव्हती.

“घे घास.”

“जात नाही हो.”

“जात नाही म्हणजे? घसा काय भाड्यानं दिलायस?”

पोरीला हसू आलं. “तुम्ही का नाही बसत आमच्यात?”

“माझं काय, चव बघता बघताच पोट भरतं. चार मुलं वाढवली, दोन सुना नांदवल्या. मला जेवताना कुणी पाहिलं नाही, आणि माझ्या हातून कुणी उपाशी उठलं नाही.”

“मग पैज. मी हे संपवलं तर मी म्हणेन ते ऐकायचं.”

“आधी संपव. मग तोंड चालव.”

पोरगी खाऊ लागली. रडत, पाणी पीत, भाताची चार चार शितं उचलत. मध्येच तिनं तोंड दाबून धरलं. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि घास खाली उतरेपर्यंत काढला नाही. शेवटचं शीत गेलं तेव्हा मावशीचेच डोळे भरून आले.

“बघा,” ती नर्सला म्हणाली, “तुमच्या गाडीला सांगा, नको येऊस.”

पोरगी उठली, तिनं मावशीच्या हातातला डाव काढून घेतला आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. नर्सनं झाकून ठेवलेलं एक ताट आणून समोर ठेवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, खाट पाच.

“बसा मावशी,” पोरगी म्हणाली. “आज मी वाढते.”

मावशीनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती बसली, ॲप्रनचा खिसा उलटा करून आतला सकाळचा पाव तिनं त्या बटाट्याशेजारी ठेवला, आणि पहिला घास तोंडात घातला.