२५७३ सालापर्यंत

"आम्रपालीताई, तुमच्या कॅलेंडरवर हे साल कसलं छापलंय?"

सईच्या खांद्यावर दहा महिन्यांची प्रांजली झोपायच्या बेतात होती. थोपटता थोपटता सई शेजारणीच्या घरातली भिंत वाचत होती. महिन्याच्या नावाखाली लिहिलं होतं : बुद्ध संवत २५६९.

"आमचं साल हाय ते," आम्रपाली कणीक मळत म्हणाली. "बुद्धाचं निर्वाण झालं तिथून मोजतात. कावून?"

"कुठे चालतं हे?"

"विहारात, लग्नाच्या पत्रिकेवर. इथं कोण विचारते! पण थायलंडात तं सरकारी कागदावरबी हेच. माझे मोठे दीर गेले होते बँकॉकले. पावती पाहून म्हणे, दुकानदारानं मले साडेपाचशे वर्षं म्हातारं केलं!"

ती स्वतःच हसली. सईचा थोपटणारा हात थांबला. प्रांजली कुरकुरली, तसा तो पुन्हा चालू झाला.

सईच्या नवऱ्याने, सिद्धांतने, थायलंडच्या एका बेटावर बंगला घेतला होता. नोकरी दुबईत; तिथे कधी काही आपलं होत नाही, म्हणून. त्यासाठी स्मृति नगरातलं घर विकलं गेलं, आणि सासरे, सई न् प्रांजली पंधरा दिवसांपूर्वी कॅम्प-१ वस्तीतल्या या भाड्याच्या दोन खोल्यांत आले. बंगला लीजवर होता. इंग्रजी कागदावर लीज २५७३ सालापर्यंत होती.

ओसरी दोन्ही घरांची एकच. पलीकडच्या टोकाला सासरे, नरहरी, पेपर वाचत बसले होते. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. त्यांनी पास केलेला रूळ कधी वापस आला नाही, हे एव्हाना सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. तिकडचा एखादा वकील बघू, असं सई म्हणाली होती तेव्हा ते रागावले होते. "कागद पाहाले मले वकील लागते का?" मग पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली, नावं जुळवली, शिक्के मोजले. २५७३ वर आले आणि खूश झाले. "साडेपाचशे वर्षं! आपल्या क्वार्टरची लीज तीस वर्षांची होती, तिच्यातच सिद्धांत मोठा झाला. राजाचा देश हाय बेटा, तिथं असंच असन."

"बाबा," सई त्यांच्यासमोर उभी राहिली. "ते साल आपलं नाही. तिकडे बुद्ध संवत चालतो. आम्रपालीताईंच्या कॅलेंडरवर आत्ता पंचवीसशे एकोणसत्तर आहे."

नरहरींनी पेपर खाली केला. "लोकाच्या भिंतीवरून तू माझा कागद तपासून राहिली?"

"तुम्ही एकदा बघा ना."

पंधरा दिवसांत आम्रपालीने त्यांना दोनदा चहाला बोलावलं होतं. दोन्ही वेळेस त्यांचा नुकताच झालेला होता. आता ते उठले. आतून फाइल आणली, चष्मा बदलला आणि तिच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. तिथून आकडा दिसेना.

"आत या ना काका," आम्रपाली म्हणाली.

ते आत गेले. कागद भिंतीजवळ धरला. कागदावर एक बोट ठेवलं, कॅलेंडरवर दुसरं. ओठ हलत होते.

"छपाईत चूक असन," ते म्हणाले.

आम्रपालीने सईकडे पाहिलं. हाताची कणीक पुसली. कागदावरचं साल कसलं, ते तिला आता कळलं होतं. "दरसाल असंच छापतात, काका," ती हळूच म्हणाली. "एक-एक वाढवून."

चार वर्षं. फार तर पाच. प्रांजली तेव्हा जेमतेम पहिलीत असेल.

सईच्या हातातला फोन वाजला. सिद्धांत. दोन दिवसांपूर्वीच तो दुबईहून बेटावर पोचला होता. पडद्यावर त्याचं घामेजलेलं, हसरं तोंड आलं, आणि मागे शिडीवर चढलेला रंगारी.

"बाबा कुठं हायेत? बाबा! चावी भेटली! सकाळीच राहिलेला पूरा पेमेंट करून टाकला. एजंट म्हणे, एक बार फिर से पढ़ लो. मी म्हटलं, पढ़ने की जरूरत नहीं, माझ्या बाबांनी पास केलंय."

त्याने फोन फिरवला. लहानशी खोली. अर्धी भिंत पिवळी, अर्धी अजून ओल्या सिमेंटसारखी.

"ही आपल्या पोरीची. इथं टेबल, खिडकीखाली पलंग. ती कॉलेजात जाईन तवा मैत्रिणी घेऊन येईन, पाहाच तुमी. झोपली का ती? सई, उठव ना तिले, दाखव."

सईने पोरीचं डोकं खांद्यावर आणखी दाबून धरलं.

"बरं, राहू दे. बाबा, हा पेंटर विचारून राहिला, एक कोट मारू की दोन? दोन मारले तं दहा वर्षं पाहाले नको म्हणते."

नरहरींनी सईच्या हातून फोन घेतला. त्या पिवळ्या भिंतीकडे ते बघत राहिले.

"बाबा? आवाज येऊन राहिला ना?"

"येऊन राहिला," नरहरी म्हणाले. "एकच मार."