हाव धरण्याचा सराव

बालवाडी समितीच्या अध्यक्षपदाची मुलाखत उद्या होती. मनगटावरचं यंत्र उमेदवाराची हाव मोजायचं आणि ज्याला पद मनापासून नको असेल, त्याच्याच गळ्यात ते पाच वर्षांसाठी पडायचं. नकार चालत नसे. चिंतामण बोरवणकरांना पद नकोच होतं, म्हणून ते तसंच एक यंत्र मनगटावर बांधून घरी हाव धरण्याचा सराव करत होते.

"शाल, श्रीफळ, पेपरात फोटो," त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणाल्या.

काटा शून्यावर.

"तुम्ही सुटलात तर पुढचं नाव तुमच्या धाकट्या भावाचं आहे. धनंजयभावजींना कधीच काही नको असतं. तेच होणार."

काटा थेट नव्वदवर गेला.

"सुटलात हो!"

"धन्या अध्यक्ष? आणि त्याची भाषणं मी सतरंजीवर बसून ऐकू?"

"मग काय करता?"

बोरवणकर काट्याकडे बघत राहिले. "आता हा खाली कसा आणायचा, ते सांग."