हंड्यातली मासोळी

हंड्यातली मासोळी पुन्हा पोट वर करून तरंगत होती.

दाऊदनं ती बाहेर टाकली आणि हंडा अंगणात उपडा केला. त्याच्या बायकोला, शरिफाला, सहावा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे नवराबायको आता त्या विषयावर बोलतच नसत.

लढाई सुरू झाली तसे भिंगारच्या ओढ्यात मासे मरू लागले. लष्करी कारखान्याचं पाणी ओढ्यात येतं आणि तेच विहिरींत झिरपतं, असं सगळे म्हणत. विचारणार कुणाला? लोक विहिरीत मासे सोडत आणि ते जगले तरच पाणी भरत. दाऊदनं तीच रीत घरात आणली. प्यायच्या हंड्यात मासोळी सोडली, की ती दोनतीन दिवसांत मरायची. तोवर शरिफा त्यातलंच पाणी प्यालेली असायची.

मग दाऊद आणखी लांबची विहीर धरायचा. तो कल्हईवाला; दिवसभर भाता मारून आधीच खांदे भरून यायचे. कल्हईला लागणारं कथील बाजारात मिळत नव्हतं, तरी त्यानं कल्हई केलेली भांडी लखलखायची, म्हणून काम तुटत नव्हतं. त्याला कुणाचा रागही येईनासा झाला होता. नुसता शीण उरला होता.

शेवटी तो शरिफाच्या भावाच्या, चांदभाईच्या मळ्यातून पाणी आणू लागला. तिथल्या पाण्यातही मासोळी मेली. हे ऐकून चांदभाई चिडला आणि आठवड्यानं बैलगाडीत मातीचा माठ घालून घरी आला.

"बघ. माझ्याच हिरीचं पानी हाय. आठ दिस झालं, मासोळी कशी पळतीय."

दाऊदनं वाकून पाहिलं. मासोळी खरंच पळत होती.

"मंग आमच्या घरात काय हुतंय, चांदभाई?"

"मला काय ठावं? पानी तर तेच."

शरिफा दाराआडून हळूच म्हणाली, "माझीच सावली वाईट आसंल."

दाऊदनं प्यायच्या पाण्याचा तांब्याचा हंडा उचलून उन्हाकडे तिरपा धरला. आतली कल्हई पांढरीशुभ्र होती. कथील संपल्यापासून तो गिऱ्हाइकांच्या भांड्यांना भंगारातलं शिसं अगदी पातळ फिरवत असे. या हंड्याला मात्र, शरिफा पोटुशी म्हणून, त्यानं त्याच शिशाचा चांगला जाड थर दिला होता.