एकचा आकडा

"अरे, झालं का?" तिनं दारातूनच विचारलं.

"होतंय गं. जरा दम धर."

काळ्या पडद्यावर मघापासून दोनच शब्द: ग्रब रेस्क्यू. म्हणजे मशीन चालू आहे, पण पुढे कुठं जायचं ते त्याला कळत नाही. नवराबायकोत कॉम्प्युटर एकच. अर्धा त्याचा, विंडोजचा. अर्धा तिचा, लिनक्सचा. चालू केला की मेनू विचारायचा, बोला, आज कोणाकडे? आज तो विचारणाराच गायब. आणि तिच्या अर्ध्यात तिनं काढलेले सगळे नकाशे अडकलेले. ते अर्जासोबत आज पाचच्या आत जायला हवे होते. दूरच्या शहरातली नोकरी, अगदी तिला हवी होती तशी.

"अपडेटनंच घोळ घातला बघ," तो म्हणाला.

कॉलेजच्या लॅबमध्ये तो दिवसभर हेच करायचा. असली मशीनं त्यानं चहा गार व्हायच्या आत उठवली होती. आज मात्र हे हटून बसलं होतं. पेनड्राइव्हवरून चालू करून त्यानं लोडर, म्हणजे तो मेनू दाखवणारा प्रोग्राम, परत बसवायची कमांड लिहिली. डिस्कचं नाव, त्याला जोडून एकचा आकडा. एरर. बंद, चालू, पुन्हा नाव, पुन्हा एक. पुन्हा एरर. त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे. कपाळावर घाम.

"पेनड्राइव्हवरूनच माझे नकाशे काढून घेऊ का?"

"वेडी आहेस का? आत्ता डिस्कला हात लावशील तर होतं नव्हतं ते जाईल."

ती त्याच्यामागे स्टुलावर बसली. ती जाणार म्हणून लॅबमधले त्याला चिडवायचे, 'आता काय, रोज खानावळ!' तो हसून म्हणायचा, 'जाऊ दे की, तिचं सोनं होईल.' तिचं ते मागं बसून बघणं त्याला सोसेना. त्यानं आणखी दोनदा करून पाहिलं.

पाच वाजून गेले.

"राहिलं गं." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासाठी एवढंही जमलं नाही मला."

"असू दे. निदान मशीन तरी चालू कर."

तो परत वळला, कमांड लिहिली, नुसतं डिस्कचं नाव. या खेपेला एरर आला नाही. बंद, चालू, आणि मेनू लख्ख समोर.

"घ्या! नेमकं आत्ता!"

ती उठून उभी राहिली. "लोडर अख्ख्या डिस्कवर बसवायचा, नावाला आकडा जोडायचा नाही. लग्न झाल्या झाल्या तूच शिकवलंस मला." रडू आवरत ती एकेक शब्द बोलत होती. "अर्ज मी कालच ऑफिसातून पाठवला, नकाशांसकट. लोडरही मीच उडवला. पाचच्या आधी तू तो एक खोडतोस का, एवढंच बघायचं होतं."